भांडणानंतर आठवडाभर अबोला: आधी कोणी बोलायचं आणि बोलायचं काय?

निशिगंध_बडोदा

वाघोडिया रोडला टू बीएचके. आम्ही दोघं, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. नवरा नंदेसरीकडे एका कंपनीत पाळीवर आहे. आमच्याकडे आरडाओरडा नाही, हात उगारणं तर नाहीच. पण खटका उडाला की हे गप्प. कधी दोन दिवस, कधी अख्खा आठवडा. 'बाबांना सांग जेवायला बसा', 'आईला सांग आज डबा नको', सगळं मुलाच्या मार्फत. मग एखाद्या सकाळी 'चहा टाक गं' म्हणून सुरू, जसं काही झालंच नव्हतं. मुद्दा तिथल्या तिथे राहतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा डोकं वर काढतो. मुद्दा बहुतेक वेळा एकच: पुण्याला दिराला पैसे पाठवले जातात आणि मला ते सासूबाईंच्या तोंडून कळतं.

विचारायचं असं की अबोल्यात आधी मी बोलावं का, की त्याने यांना सवयच लागते? शेजारच्या खोलीत सासूबाई असताना असलं बोलायचं कुठे? आणि समुपदेशकाकडे जायचं म्हटलं तर हे येणार नाहीत. एकटीने जाऊन उपयोग असतो का? मराठीत बोलता येईल असं बडोद्यात कुठे?

'थोडं जुळवून घे' हे ऐकून झालंय, कृपया ते नको.

समुपदेशक_कारेलीबाग

ताई, आधी बोलावं का, हे तो अबोला कोणत्या जातीचा आहे त्यावर ठरतं. बाहेरून तीन जाती सारख्याच दिसतात.

पहिली: माणसाला त्या घडीला बोलताच येत नाही. छाती धडधडते, कानशिलं तापतात, शब्द कानावर पडतात पण डोक्यात शिरत नाहीत. नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की बहुतेकांचं असं होतं. अमेरिकेत सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना नाडी मोजायची यंत्रं लावून त्यांच्या वादाच्या विषयावर बोलायला बसवलं होतं. मध्येच 'यंत्र नीट करायचंय, तोवर मासिकं चाळा' असं सांगून अर्धा तास थांबवलं. नाडी खाली आली आणि त्याच विषयावर तीच माणसं वेगळ्या सुरात बोलू लागली. शरीर निवायला निदान २० मिनिटं लागतात, आणि भांडणात भिंतीसारखे गप्प होणाऱ्यांत पुरुषांचं प्रमाण बरंच जास्त दिसतं. हा अबोला तासाभराचा असायला हवा. आठवडाभर नाडी चढलेली राहत नाही.

दुसरी: खळबळ ओसरलीय, पण परत यायचा रस्ता सापडत नाही. 'मी आधी बोललो म्हणजे चूक माझी' हा हिशोब आडवा येतो, एकेक दिवस जातो तशी बोलण्याची किंमत वाढत जाते. तुम्ही लिहिलेलं 'चहा टाक गं' मला याच जातीतलं वाटतं. ती त्यांच्या परीने समेटाची खूण आहे. मात्र त्या खुणेने मुद्दा सुटत नाही, तुमची तक्रार रास्तच आहे.

तिसरी: गप्प बसून समोरच्याला वाकवणं. इथे अबोला तुम्ही नाक घासलं तरच संपतो, एरवी नाही. सोबत घरखर्चाचे पैसे अडतात, ताट तसंच सारलं जातं, मुलाच्या फीसाठीसुद्धा तुम्हाला मिनतवाऱ्या कराव्या लागतात. तसं असेल तर मी पुढे लिहितोय ते तुम्हाला लागू नाही, वेगळी मदत लागेल.

पहिल्या दोन जातींत सर्वांत कामाचा नियम हा: भांडण चालू असलं तरी कामाचं बोलणं बंद करायचं नाही. पाच विषय उघडे ठेवायचे. जेवण, मूल, औषधपाणी, भरायची बिलं, आणि घरातून जाण्यायेण्याची वेळ. या पाचांवर सरळ, नावानिशी, एकमेकांशीच बोलायचं. 'जेवण वाढलंय', 'उद्या शाळेत पालकसभा आहे, साडेदहाला'. सुरात गोडवा आणायची गरज नाही, टोमणा मात्र नको. ही शरणागती नव्हे, तुमचा मुद्दा जिथे होता तिथेच आहे. तुम्ही आधी बोलावं का, याचं माझं उत्तर म्हणूनच दोन तुकड्यांत आहे: कामाचं लगेच बोला, आजच, वादाचं वेळ ठरवून बोला. हे दोन्ही एकाच वाक्यात आलं ('जेवण वाढलंय, बाकी भावाला काय वाढायचं ते वाढाच') की दोन्ही फुकट.

मुलाला निरोप्या करणं तर आजच थांबवा. त्याला इतकंच सांगायचं, 'हे तुझं काम नाही राजा, बाबांना मी सांगते', आणि त्याच्यादेखत खरंच जाऊन सांगायचं. नुसतं सांगून आपण जागचे हललो नाही तर तो पुन्हा धावतोच. या वयाची मुलं 'माझ्यामुळेच झालं' असं धरून बसतात. पोट दुखतंय म्हणून शाळा टाळणं, किंवा उलट अचानक फार शहाण्यासारखं वागणं, दोन्हीकडे लक्ष द्या. दुसऱ्याचं लोक कौतुक करतात, म्हणून ते नजरेतून निसटतं.

आता ब्रेक. अबोला आणि ब्रेक यांत फरक एवढाच की ब्रेकला परत यायची वेळ असते. भांडण नसताना दोघांनी आधीच ठरवून ठेवायचं:

ज्याला थांबायचंय त्याने स्वतःबद्दल बोलायचं. 'मला अर्धा तास दे, साडेनऊला बोलू.' 'तू आधी शांत हो' म्हटलं की तो ब्रेक राहत नाही, ती ठिणगी होते. वेळ २० मिनिटांपेक्षा कमी नको, एका दिवसापेक्षा जास्त नको. आणि ब्रेक ज्याने मागितला, परत यायची जबाबदारी त्याची. ही शेवटची अट लोक विसरतात; मग दुसरी व्यक्ती मागे मागे फिरते, पहिली आणखी आत जाते, आणि तगादा-माघार असं चक्र सुरू होतं. त्यात तगादा लावणाऱ्याला वाटतं हा पळतो म्हणून मी मागे लागते, पळणाऱ्याला वाटतं ही मागे लागते म्हणून मी पळतो. दोघांचंही खरं असतं.

ब्रेकमध्ये काय करता यावर सगळं आहे. मनातल्या मनात 'आता आले की असं सुनावते' याची उजळणी केली तर अर्ध्या तासाने नाडी होती तिथेच. माहेरी फोन लावला तरी तेच. गच्चीवर किंवा सोसायटीत चालून या, भांडी घासा, किंवा चार मोजत श्वास आत आणि सहा मोजत बाहेर असं पाच मिनिटं करा. बाहेर सोडायचा श्वास लांब ठेवायचा, गंमत तिथेच आहे.

परत आल्यावर पहिलं वाक्य. वादाची पहिली दोन-तीन मिनिटं ज्या सुरात जातात, पुढचं सगळं साधारण त्याच सुरात जातं. तुमचाच विषय घेऊ.

बिघडवणारं: 'तुम्ही नेहमीच मला अंधारात ठेवता, तुमच्या घरच्यांपुढे माझी किंमत शून्य.'

चालणारं: 'भावोजींना पैसे पाठवल्याचं मला आईंकडून कळलं. मला परक्यासारखं वाटलं. पुढच्या वेळी पाठवायच्या आधी मला सांगाल?'

यात तीन तुकडे आहेत. काय घडलं (कॅमेऱ्यात दिसेल तेवढंच), मला काय झालं, मला काय हवंय. 'नेहमी', 'कधीच', 'तुमच्या घरचे' हे शब्द आले की समोरचा मुद्दा सोडून त्या शब्दाशी भांडतो: 'नेहमी कुठे? दिवाळीला सांगितलं होतं की!' आणि मागणी एवढी लहान ठेवा की महिन्याभराने ती पाळली की नाही हे दोघांना सांगता येईल. 'मला मान द्या' हे मोजता येत नाही, 'आधी सांगा' हे येतं.

दांडियाबाजारकर

वरचं सगळं बरोबर. जागेचं आणि सासूबाईंचं राहिलं, तेवढं लिहितो. जोडप्यांबरोबर काम करताना टू बीएचकेत निम्म्या सूचना याच दोन कारणांनी कोलमडतात.

जागा घराबाहेर शोधा. कमाटीबागेत सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर चालताना बोलणं सोपं जातं, कारण समोरासमोर बसून डोळ्यांत बघावं लागत नाही. गप्प स्वभावाच्या माणसाला शेजारी चालताना तोंड उघडणं बरंच हलकं वाटतं. सूरसागरच्या काठावर गर्दी आणि हॉर्न, तिथे नको. स्कूटरवर तर अजिबात नको. अर्धं ऐकू येत नाही, उरलेलं ओरडून सांगावं लागतं, आणि ओरडलेलं वाक्य भांडणाचंच वाटतं. सेव उसळीच्या गाडीपाशी ओळखीचं कोणीतरी भेटतंच, तोही बेत सोडा.

आठवड्यातून एकदा अर्धा तास, त्याहून जास्त नाही. पहिली पाच मिनिटं या आठवड्यात समोरच्याने केलेल्या एखाद्या गोष्टीचा उल्लेख, नेमका. 'तुम्ही चांगले आहात' नको, 'मंगळवारी रात्रपाळी करून आलात आणि तरी याला शाळेत सोडलंत' असं हवं. मग एकच विषय, वीस मिनिटं. शेवटी पुढच्या आठवड्याची कामं. दोन विषय निघाले तर दुसरा कागदावर लिहून पुढच्या वेळेला. आणि ज्या आठवड्यात भांडण नसेल त्या आठवड्यातही बसा. नाहीतर 'चल जरा फिरून येऊ' म्हटलं की नवऱ्याच्या पोटात गोळा येतो.

सासूबाईंना पंच करू नका आणि निरोप्याही नका करू. आत्ता पैशाची बातमी त्यांच्याकडून येते, म्हणजे नकळत त्या मध्ये अडकल्यात, बहुधा त्यांनाही ते आवडत नसेल. नियम साधा: ज्याची आई, त्याने तिच्याशी बोलायचं. नवऱ्याने म्हणायचं, 'आई, पैशाचं मी हिला सांगत जाईन, तू त्यात पडू नकोस, तुझ्यावर राग नाही.' हेच वाक्य सुनेच्या तोंडून आलं तर त्याचा अर्थच बदलतो, मग पुढचे तीन महिने घरात त्याचीच चर्चा.

पैशाचं: एक रक्कम ठरवा. समजा ५,००० रुपये. त्याच्या आतलं कोणी कोणाला विचारायचं नाही, भावाला द्या नाहीतर माहेरी. त्यावरचं पाठवण्याआधी सांगायचं. सांगायचं म्हणजे परवानगी मागायची असं नव्हे, हे त्यांना स्पष्ट करा, कारण अडतं ते नेमकं इथेच. 'माझ्या भावाला द्यायला बायकोला विचारू?' असं वाटलं की माणूस लपवून देतो. आणि वर्षाची बेरीज दोघांनी मिळून एकदा बघायची, मार्चनंतर, हिशोब तसाही समोर असतो तेव्हा.

दिराला मदत करावी की नाही यावर तुमचं एकमत कदाचित कधीच होणार नाही. गॉटमन यांच्याच अभ्यासात जोडप्यांचे सुमारे ६९ टक्के वाद असे न मिटणारे निघाले, आणि सुखाने नांदणाऱ्या जोडप्यांतही ते होतेच. तुमचं खरं भांडण 'द्यावे की नाही' यावर नाही, 'मला का कळलं नाही' यावर आहे. ते मिटण्यासारखं आहे. पहिल्यात शिरलात की दुसरं पण हातचं जातं.

कायदा_आणि_घर

माझा एक आक्षेप. वरच्या दोन्ही उत्तरांत कष्ट बहुतांशी बाईचेच: तिने वाक्य जुळवायचं, तिने जागा शोधायची, तिने श्वास मोजायचे. प्रश्न तिने विचारलाय म्हणून सूचना तिला, इतपत ठीक. पण निशिगंधताई, एक मुदत मनाशी धरा. नीट शब्दांत, योग्य वेळी, दोन-तीनदा सांगूनही समोरून काहीच हालचाल नसेल तर शब्द आणखी मऊ करत बसू नका. तिथे उणीव शब्दांची नसते.

आणि समुपदेशकांनी तिसरी जात चार ओळींत उरकली, ती मी थोडी वाढवते. स्वतःला हे विचारा: त्यांच्या मनाविरुद्ध बोलायची भीती वाटते का? तुमच्या कमाईवर किंवा एटीएम कार्डावर ताबा कोणाचा? फोन तपासला जातो का? 'माहेरी सोडून येईन' ही धमकी निघते का? वस्तू फेकल्या जातात का? यांतल्या एकाचंही उत्तर हो असेल तर जोडीने समुपदेशनाला आधी जाऊ नये. बाई तिथे खरं बोलली तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते, आणि खरं बोलली नाही तर समुपदेशकाला चित्रच चुकीचं दिसतं. आधी एकटीने जायचं.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा २००५ चा कायदा फक्त मारहाणीपुरता नाही. शिवीगाळ, अपमान, मानसिक छळ आणि पैशाची कोंडी हे सगळं त्यात येतं. गुजरातमध्ये १८१ अभयम ही हेल्पलाइन चोवीस तास आणि मोफत आहे. गरज पडली तर त्यांची समुपदेशक महिला पोलिसासह गाडी घेऊन घरी येते. फोन केला म्हणजे तक्रार दाखल झाली असं नसतं, नुसता सल्लाही विचारता येतो. धोका अगदी समोर असेल तर ११२.

नुसता अबोला म्हणजे हिंसाचार, असं मी म्हणत नाही. पण तो कशासोबत येतो ते बघायचं.

निशिगंध_बडोदा

सगळ्यांचे आभार. कायदाताई, तुमच्या यादीतलं एकही नाही. माझे ट्यूशनचे पैसे माझ्याच खात्यात, घरखर्च कधी अडलेला नाही. म्हणजे दुसरी जात असावी.

पण एक गोष्ट लिहायची राहिली. पाळी बदलायला लागल्यापासून यांची झोप मोडलीय. जेवण कमी झालंय, मॅच लागली तरी टीव्हीसमोर बसत नाहीत, सुट्टीला नुसते पडून असतात. बारीकसारीक गोष्टीवर भडकतात. सासूबाई म्हणतात 'तो लहानपणापासून घुम्या आहे'. स्वभाव म्हणून सोडून द्यायचं का?

मनोविकार_ओपीडी

नाही, सोडून द्यायचं नाही. घुमेपणा स्वभावात असू शकतो, पण आवडती गोष्ट आवडेनाशी होणं हा स्वभाव नव्हे, तो बदल आहे. उदासीनतेचा, म्हणजे डिप्रेशनचा, विचार करताना आम्ही दोन आठवड्यांची मुदत धरतो: बहुतेक दिवशी, दिवसाचा बराच वेळ मन उदास किंवा कशातच रस नाही, आणि सोबत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधी वाटणं यांत बिघाड. पुरुषांत रडण्याऐवजी चिडचिड आणि गप्प होणं पुढे येतं, त्यामुळे घरच्यांना तो माज वाटतो.

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली असते, गेल्या दोन आठवड्यांबद्दलची. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३, एकूण ० ते २७. बेरीज १० किंवा वर गेली तर डॉक्टरांना दाखवावं. हे निदान नव्हे, दाखवायचं की नाही एवढंच त्यातून ठरतं. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दलचा आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर बेरजेकडे न बघता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. ती त्यांनी स्वतः भरायची. तुम्ही त्यांच्या वतीने भरून 'बघा, तुम्हाला डिप्रेशन आहे' म्हणून पुढे ठेवलीत तर पुढच्या अबोल्याची सोय झालीच.

त्याआधी साधं रक्त तपासून घ्या. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं अगदी नेहमीचं आहे, आणि त्याने थकवा आणि चिडचिड दोन्ही होतात. 'अशक्तपणा वाटतोय, रक्त तपासून येऊ' या वाटेने पुरुष दवाखान्यात येतात. 'मन तपासून येऊ' म्हटलं तर येत नाहीत. फॅमिली डॉक्टरांना आधी फोन करून झोपेचं आणि भुकेचं सांगून ठेवलं तर ते तिथेच पुढचं विचारतील. दारूबद्दलही विचारतील. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणून घरात तो विषय निघतच नाही आणि डॉक्टरांपासूनही लपवला जातो. झोपेच्या तक्रारीत ते उत्तर फार महत्त्वाचं असतं.

पाळीची झोप. रात्रपाळीवरून येताना उजेड टाळायचा म्हणून काळा चष्मा, आल्याबरोबर हलकं खाऊन झोप, खोलीला जाड पडदे, फोन दुसऱ्या खोलीत. पाळीच्या शेवटच्या तीन-चार तासांत चहा नको. दिवसा पाच तासांची झोप सलग लागली तर उरलेली दीड-दोन तासांची पाळीवर जाण्याआधी. सासूबाईंच्या टीव्हीचा आवाज आणि दारावरची घंटा, या दोन गोष्टींवर मी सल्ल्यापेक्षा जास्त भर देईन. झोप न झालेल्या माणसाला संवादकौशल्य शिकवायचा काही उपयोग नसतो.

कुठे जायचं: सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. दोन्हीकडे खर्च नगण्य, गर्दी भरपूर, जोडप्याच्या निवांत बोलण्याला वेळ कमी मिळतो. निदान आणि औषधासाठी तिथे जा, संवादासाठी खासगी समुपदेशक शोधा. घरून निघायची तयारीच नसेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोन हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मोफत. मराठी आणि गुजराती दोन्ही भाषा मिळतात. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलंय. त्यांच्या हातात नुसता नंबर ठेवून बघा, काही पुरुष रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत स्वतःहून लावतात.

कोणाकडे जाताय ते पदवीवरून ओळखा. औषध फक्त डॉक्टर लिहू शकतो, इथे म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, एमडी किंवा तत्सम पदवीवाला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, पण चाचण्या आणि उपचार करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते आणि नंबर विचारला तर चिडायचं कारण नाही. समुपदेशक बहुतेक मानसशास्त्रात एमए असतात. त्यांत उत्तम माणसं आहेत, पण तीन दिवसांच्या कोर्सचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलेही आहेत. फोनवरच विचारा: शिक्षण काय, जोडप्यांसोबत काम करता का, मराठीत चालेल का, सत्र किती मिनिटांचं, फी किती, आयत्या वेळी रद्द केलं तर काय. आणि सर्वांत कामाचा प्रश्न, 'आम्हाला वेगवेगळं भेटलात तर एकाने सांगितलेलं दुसऱ्याला सांगता का?' याचं उत्तर अडखळत आलं तर पुढचा नंबर फिरवा.

गुप्ततेचं म्हणाल तर मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, जिवाला धोका वगैरे मोजके अपवाद सोडून. कंपनीला कळेल ही भीती पाळीवर काम करणाऱ्यांना फार असते. हे त्यांना आवर्जून सांगा.

समुपदेशक_कारेलीबाग

कायदाताईंचा आक्षेप मान्य. ब्रेकच्या अटी आणि पाच विषयांचा नियम नवऱ्याला वाचायला द्या, तो दोघांसाठीच आहे.

एकटीने जाऊन उपयोग असतो का: असतो. तगादा-माघारीच्या चक्रात एका टोकाने चाल बदलली की दुसऱ्याला पूर्वीचीच चाल चालवणं जड जातं. चार ते सहा सत्रांनंतर घरात काय बदललं ते समुपदेशकाबरोबर मोजा. काहीच नाही तर त्याला विचारा, आता काय वेगळं करणार? सत्र साधारण ४५ मिनिटांपासून तासाचं असतं. पहिल्यात इतिहास विचारण्यातच वेळ जातो, रिकाम्या हाताने परत आल्यासारखं वाटतं, त्यावरून सोडू नका. मात्र पहिल्याच भेटीत कोणाची चूक ते सांगून मोकळा होणारा समुपदेशक असेल तर दुसरी भेट घेऊ नका.

नवऱ्याला बोलवायचं ते त्यांच्या दुरुस्तीसाठी नाही, मदतीसाठी. 'मी एका बाईंना भेटतेय, आपल्या भांडणात माझं कुठे चुकतं ते बघायला. त्यांना तुमची बाजू माझ्या तोंडून नीट कळणार नाही. दोनदाच या, नाही पटलं तर मी पुन्हा म्हणणार नाही.' 'दोनदाच' हा शब्द पाळायचा. आणि ते आले तर पहिल्या सत्रात तक्रारींची यादी वाचून दाखवायची नाही. गप्प माणूस पहिल्या सत्रात हेच बघत असतो की इथेही दोन विरुद्ध एक आहे का.

राहिलं 'चहा टाक गं' नंतरचं. त्या क्षणी मुद्दा काढू नका, चहा करा. त्याच दिवशी संध्याकाळी एवढंच म्हणा, 'परवाचं भांडण पुन्हा नाही करायचं, पण त्यात तुम्हाला काय वाटत होतं ते मला ऐकायचंय. रविवारी?' रविवारी आधी ते बोलतील, तुम्ही मध्ये दुरुस्ती न करता ऐकायचं आणि ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं: 'म्हणजे तुम्हाला वाटलं की मी नाही म्हणेन, म्हणून नाही सांगितलं. असंच ना?' ते 'हो' म्हणेपर्यंत तुमची पाळी येत नाही. नंतर तुम्ही, त्याच पद्धतीने. शेवटी दोघांनी आपापल्या वाट्याची एकेक गोष्ट सांगायची. 'मी आईंसमोर विचारायला नको होतं' एवढी लहान चालते. घटनाक्रमावर वाद घालू नका. कोण आधी काय म्हणालं हे दोघांना वेगवेगळंच आठवणार.

निशिगंध_बडोदा

शेवटचं विचारते. यांची रात्रपाळी शनिवारी सुरू होऊन रविवारी सकाळी सातला संपते. येतील तेव्हा मुलगा झोपलेला असतो, सासूबाई देवळात. घर रिकामं मिळतं. तेव्हाच बोलू?

मनोविकार_ओपीडी

नको. घर रिकामं असलं तरी माणूस जागेवर नसतो. नाश्ता देऊन झोपू द्या. दुपारी उठले, जेवण झालं की पाचच्या सुमारास कमाटीबाग. मुलाला तेवढा वेळ आजीकडे ठेवा, आणि निघण्याआधी सांगा की अर्ध्या तासात परत येतोय.

दांडियाबाजारकर

रविवारी संध्याकाळी कमाटीबागेत पाय ठेवायला जागा नसते. पाचऐवजी चारला जा, नाहीतर सोसायटीची गच्ची.